व्यवसायाचा रकाना

एसटीत बसलं की बाईंचं कंडक्टरशी ठरलेलं बोलणं व्हायचं. भांडण म्हणता येणार नाही, कारण बाईंचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नाही. गाडी सांगलीच्या स्टँडातून बाहेर पडायची, कंडक्टर येऊन अर्धं तिकीट हातात द्यायचा, आणि बाई ते डोळ्यांजवळ नेऊन विचारायच्या, "हे अर्धं कशाबद्दल दिलंत? महिला म्हणून, की ज्येष्ठ नागरिक म्हणून?"

"आजी, पैसं तेवढंच लागत्यात की."

"पैसे तेवढेच. वर्ग वेगळा आहे. तुम्ही माझं कार्ड पाहिलं नाहीत, म्हणजे महिला म्हणून दिलंत. ठीक आहे. मला फक्त माहीत असावं."

मागून कुणीतरी हसायचं. मी काठी पायांत धरून खिडकीकडं तोंड करायची. त्या वर्षी आम्ही दोघी पुष्कळ फिरलो. कधी साताऱ्याला, कधी म्हसवडला, कधी जतच्या बाजूला. दर वेळी कंडक्टर नवा, प्रश्न तोच. एका कंडक्टरनं वैतागून विचारलं, तुमाला काय म्हणून पायजे ते सांगा, तसं देतो. बाई म्हणाल्या, "मला काय हवं याचा प्रश्न नाही. मी काय आहे याचा आहे."

आम्ही कशासाठी फिरत होतो ते पुढं सांगते.

मी परभणीकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नाच अंगात होता. गावच्या गणपतीत नाचले, कुणीतरी फोन नंबर घेतला, आणि एकोणिसाव्या वर्षी मी सांगलीत, मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये लावणीच्या शोची तालीम करत होते. इथली माणसं बोलायची ते निम्मं कळायचं, निम्मं चेहऱ्यावरून काढायचे. छापील कागद दिसला की भीती वाटायची. अजून वाटते. लाइटबिलसुद्धा मी उलटून बघते, मागं काही धमकी लिहिलीय का म्हणून.

शो मालकांचा होता. मालक कडेगावकडचे, उसाचं रान असलेल्या घरातले, बोलायला गोड. जत्रांचे कार्यक्रम ते घ्यायचे. ठरलेल्या कार्यक्रमाला आमच्यात सुपारी म्हणतात. आम्ही अकराजणी. सगळ्यांत थोरल्या आक्का, फलटणकडच्या. त्यांची आई, आजी सगळ्या नाचणाऱ्या. आमचे नाच आक्काच बसवायच्या. चुकलं तर ओरडायच्या नाहीत, ढोलकीवाल्याला हात करून थांबवायच्या आणि आपल्याकडं नुसतं बघायच्या. ते जास्त लागायचं.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून बाईंचं घर होतं. एकट्या राहायच्या. बाहेर लाकडी पाटी होती, तिच्यावर नाव आणि खाली "कर सल्लागार". आम्ही आलो आणि महिन्याभरात गल्लीनं आमच्याविरुद्ध अर्ज लिहिला, की इथं नको तो धंदा चालतो, यांना उठवा. सह्या गोळा करत लोक बाईंकडं गेले. बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, धंदा कोणता ते यात स्पष्ट लिहिलेलं नाही, मी विचारून येते.

आणि खरंच आल्या. भर दुपारी, डोक्यावर हेल्मेट, हातात लिहायचं पॅड. मोपेड घेऊन कुठंतरी निघाल्या होत्या आणि वीस पावलांसाठी हेल्मेट काढून परत घालण्यात वेळ गेला असता, असं नंतर कळलं. आम्ही अकराजणी ढोलकीपाशी उभ्या. मला वाटलं, आता पोलीस ठाणं.

"इथे कोणता व्यवसाय चालतो?"

आक्का पुढं झाल्या. "नाच."

"विवरणपत्र भरता का?"

"काय भरायचं?"

"आयकराचं विवरणपत्र. उत्पन्न आहे ना तुम्हाला?"

आक्कांनी सांगितलं की टॅक्स तर मालक दर सुपारीला आमच्या पैशांतून कापतात. बाईंनी पॅडवरून पहिल्यांदाच मान वर केली. कापतात, मग तुमच्या नावावर भरतात का, ते कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. कुठं पाहायचं हेही माहीत नव्हतं.

बाई परत गेल्या आणि गल्लीला सांगितलं, की तिथं नृत्याचा व्यवसाय चालतो, त्यावर कर कापला जातो, अर्जातला मजकूर चुकीचा आहे, मी सही करणार नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांची विवरणपत्रं बाईच भरायच्या, आणि तो नेमका मुदतीचा जुलै महिना होता. अर्ज तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्या आम्हाला "करदात्या" म्हणायला लागल्या. एकेकटीलाही तसंच. "या करदात्या, बसा." आम्हाला आजवर लोकांनी काय काय म्हटलं होतं ते सांगण्यासारखं नाही, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. पोरी आधी हसून लोळायच्या. आपसात चिडवायला लागल्या, ए करदात्या, माझं काजळ दे. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, योग्यच आहे, त्याही आहेतच.

मालकांनी कापलेला टॅक्स खरंच भरलेला निघाला. त्या बाबतीत मालक सरळ होते, खोटं कशाला लिहू. आमचं उत्पन्न कमी, म्हणून कापलेलं परत मिळायचं होतं. ते मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा आक्कांनी तो फसवणुकीचा म्हणून पुसून टाकला. मी तर दोन दिवस जेवले नाही. सरकार आपल्याला पैसे देतंय म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय, आणि आता ते घ्यायला माणूस येणार. शेवटी बाईंकडं जाऊन विचारलं, की हे परत कसे करायचे. बाईंनी चष्मा काढला. "ते तुमचेच आहेत. तुमचेच तुमच्याकडे आलेत. यात घाबरण्यासारखं काय आहे ते मला सांगा, मी लिहून घेते." मी मोबाइलवरचा मेसेज तेवढा पुढं धरला. त्यांनी पॅडवर काहीच लिहिलं नाही आणि पेनला टोपण लावलं.

बाईंचे कागद ठेवायचे प्रकार वेगळे होते. त्यांना भडंगाचा नाद. रोज संध्याकाळी एक पुडा. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून तीत एकेकीच्या पावत्या. आमच्या सगळ्या कागदांना लसूण-तिखटाचा वास यायचा. लोकांकडं चहा घ्यायच्या नाहीत. काम पुरं होऊन त्याची पोच हातात पडेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा नाही. आपला थर्मास आणायच्या आणि आमच्याच शेडमध्ये आम्हालाच चहा द्यायच्या.

आणि प्रश्न. विचारल्याशिवाय लिहायचं नाही, हे त्यांचं वाक्य. पायातले घुंगरू स्वतःचे की मालकांचे? गजरा कोण आणतं? गजरेवालीकडं बिल मागा म्हणाल्या. तिनं गजऱ्याच्या पुडीच्या कागदावर कोळशानं आकडा लिहून दिला, तोही बाईंनी पिशवीत जपून ठेवला. आमच्यातल्या एकीला विचारलं, हा मोबाइल कामासाठी की खासगी? ती लाजून म्हणाली, निम्मा सुपारीसाठी, निम्मा त्याच्यासाठी. बाईंनी न हसता निम्मा खर्च लिहिला.

एवढ्या विचारणाऱ्या बाई, पण एका जागी त्यांनी एकच प्रश्न विचारून पुढचे सोडले. तेवढ्यावरून सगळं घडलं.

पहिल्या वर्षी विवरणपत्र भरताना व्यवसायाचा रकाना आला. बाईंनी आक्कांना विचारलं, "नोकरी की स्वतंत्र व्यवसाय?"

आक्का मांडी घालून बसल्या होत्या, त्या ताठ झाल्या. "बाई, आमी कुणाच्या नोकर न्हाई. माझी आय न्हवती, आजी न्हवती. नोकर तेवढं लिवू नका."

बाईंनी आक्कांकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि लिहिलं. स्वतंत्र व्यवसाय, नृत्य कलाकार. आम्हा अकराजणींचं तसंच. आम्हाला बरंच वाटलं. तीन वर्षं तसंच चाललं.

चौथ्या वर्षी जत तालुक्यात एका गावच्या जत्रेत दुपारचा कार्यक्रम होता. नंतर कुस्त्यांचं मैदान, म्हणून लवकर उरकायचं होतं. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी लावून वर फळ्या टाकलेल्या. मधली फळी हलतेय हे आक्कांनी मालकांना सांगितलं होतं. मालक म्हणाले, एवढा नाच होऊ दे. दुसऱ्या गाण्याला मी गिरकी घेतली आणि फळी सरकली. दोन ट्रॉल्यांच्या फटीत उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, आणि बाकीची मी बाहेर पडले.

मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पहिल्या दिवसाचं बिल मालकांनी भरलं, नंतर फोन उचलेनात. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण नाचणं विसरा. परभणीला आई माझ्या पैशांवर होती. मी रोज तिला फोनवर सांगायची, इकडं सगळं बरं आहे.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. पाय कसा आहे, दुखतंय का, काही नाही. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पडलात तेव्हा कार्यक्रम सुरू होता की संपला होता?"

मला इतका राग आला की मी भिंतीकडं तोंड केलं. पण खरं सांगते, तोवर त्या दवाखान्यात दुसऱ्या कुणी मला काही विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, सुरू होता. त्यांनी लिहिलं. रोज येऊन दोन-तीन प्रश्न विचारायच्या. शोला किती वाजता यायचं हे कोण ठरवायचं? उशीर झाला तर? मालक पैसे कापायचे. लुगडी, दागिने कोणाचे? मालकांचे. दुसऱ्या कुणाच्या शोला गेलं तर चालायचं? नाही, काढून टाकायचे. आजारी पडलं तर आपल्या जागी बहिणीला, मैत्रिणीला पाठवता यायचं? छे. कोणतं गाणं, कितव्या नंबरला, हेसुद्धा मालक सांगायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी पान भरून झाल्यावर वाचलं. परत वाचलं. पेनला टोपण लावलं.

"करदात्या, मी तुमचा रकाना चुकीचा भरला आहे."

मला कळेना. त्यांनी सावकाश समजावलं. ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या मर्जीनं चालतं, तो स्वतंत्र. दुसऱ्याच्या हुकमानं, दुसऱ्याच्या सामानानं, दुसऱ्याच्या वेळेवर चालतं, तो कामगार. कामगार कामावर पडला तर मालकानं भरपाई द्यायची असते. स्वतंत्र माणूस पडला तर तो आपला आपण पडला. तीन वर्षं माझ्या सहीच्या कागदावर मी स्वतंत्र होते.

मालकांनाही ते ठाऊक होतं. मी शेवटी आक्कांच्या फोनवरून बोलले तेव्हा म्हणाले, "पोरी, तू कलाकार हायस, माझी कामगार न्हाईस. हे मी न्हाई म्हणत, तुमच्या बाईंनीच लिवलंय की कागदावर. इचार त्यास्नी."

भरपाईसाठी कामगार न्यायालयात अर्ज लागला. बाईंनीच वकील बघून दिले, तरुण, हुशार. त्यांनी कागद बघितले आणि बाईंना एक वाट सांगितली. तुम्ही एवढंच सांगा, की या मुलींनी जसं सांगितलं तसं मी लिहिलं. म्हणजे चूक तुमच्याकडं येत नाही. थोरल्या बाईंनीच नोकर लिहू नका म्हटलं होतं, ते तर खरंच आहे ना?

मी तिथंच होते, कुबड्या भिंतीला लावून. मला वाटलं, हे बरं. बाई किती वर्षं हे काम करत होत्या, एकाही कागदात त्यांची कधी चूक निघाली नव्हती, हे गल्लीतली पोरंसुद्धा सांगायची. माझ्यामुळं त्यांच्या पाटीला बोल नको. मी म्हणाले, बाई, तसंच सांगा. आक्का काही मनाला लावून घेणार नाहीत.

बाई म्हणाल्या, "त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. ते खरं होतं. मी त्यांचं स्वतःचं विचारलंच नाही."

हे मला पुढं आक्कांकडून नीट कळलं. आक्कांच्या आईची स्वतःची नाचाची पार्टी होती. लावणीच्या थिएटरात खोली भाड्यानं घ्यायची, बैठक लावायची की नाही ते आपण ठरवायचं, मिळेल त्यात थिएटरचा वाटा द्यायचा. अंगात कणकण असली तर धाकटी बहीण उभी राहायची, कुणी विचारायचं नाही. आई खरंच कुणाची नोकर नव्हती. तेच वाक्य घेऊन आक्का मालकांच्या शोला आल्या, आणि इथं वेळ मालकांची, लुगडं मालकांचं, गाणं मालकांचं. वाक्य तेवढं आईचं राहिलं. बाईंनी आईचा रकाना लेकीच्या कागदात भरला, आणि लेकीबरोबर आम्हा दहाजणींच्याही.

तारखेच्या दिवशी बाई इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून आल्या होत्या. हेल्मेट बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ ठेवायला दिलं. आत गर्दी नव्हती. न्यायाधीश साहेब, दोन्हीकडचे वकील, मालक, आक्का, मी. मालकांच्या वकिलांनी विवरणपत्राची प्रत बाईंच्या पुढं धरली. हे तुम्ही भरलं? हो. यात स्वतंत्र व्यवसाय लिहिलंय? हो.

"मग हे खोटं, की आज सांगताय ते खोटं?"

"ते खोटं नाही, चुकीचं आहे. चूक माझी आहे."

वकील म्हणाले, या बायकांनी तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं का? आमचे वकील बाईंकडं बघत होते, की आता तरी म्हणा. बाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. दहा विचारायला हवे होते. विचारणं माझं काम होतं, त्यांचं नव्हे. त्या दहा प्रश्नांचा कागद मी आणला आहे."

तो कागद आमच्या वकिलांकडं होताच. प्रश्न विचारायचे होते आक्कांना.

आक्का तेव्हाही मालकांच्याच शोमध्ये होत्या. पुढच्या आठवड्यात म्हसवडची सुपारी होती. मालक समोर बसलेले. मला पैशांची नाही, त्या वेळी आक्कांची काळजी वाटत होती. मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, की नाही आलात तरी चालेल. तरी त्या आल्या होत्या.

वकील एकेक विचारत गेले. वेळ कोण ठरवतं? मालक. लुगडी कुणाची? मालकांची. पायातले घुंगरू? "आमचं सवताचं." मालकांचे वकील लगेच म्हणाले, हे लिहून घ्या. बाई मागून शांतपणे म्हणाल्या, अवश्य लिहावं, म्हणून तर तो प्रश्न ठेवला आहे. साहेबांनी चष्म्यावरून बाईंकडं बघितलं आणि लिहून घेतलं.

सुपारी नको म्हणता येतं? न्हाई. दुसऱ्या शोला जाता येतं? न्हाई. आपल्या जागी दुसरीला उभं करता येतं? इथं आक्का म्हणाल्या, "माझ्या आयच्या पार्टीत येत हुतं." वकील म्हणाले, इथलं सांगा. आक्कांनी मालकांकडं बघितलं. तालमीत आमच्याकडं बघायच्या तसं, नुसतं.

"हितं न्हाई. हितं त्यांनी ऊठ म्हणलं की उठायचं, बस म्हणलं की बसायचं. फळी हालत्या म्हणून म्या सांगितलं, तर नाच म्हणले. आमी नाचलो. पोर पडली."

मग साहेबांनी विचारलं, म्हणजे तुम्ही यांच्याकडं कामाला होता? आक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मला ते ऐकवेना म्हणून मी खाली बघितलं.

"व्हय साहेब. कामाला हुतो."

एवढंच. बाहेर आल्यावर आक्का नळावर गेल्या आणि तोंड धुतलं. म्हसवडची सुपारी त्यांना मिळाली नाही. त्यानंतर एकही मिळाली नाही. आज त्यांची स्वतःची छोटी पार्टी आहे, चौघीजणी. त्यांच्या विवरणपत्रात बाई स्वतंत्र व्यवसाय लिहितात, दहाही प्रश्न दर वर्षी नव्यानं विचारून. आक्का वैतागतात. म्हणतात, आवं बाई, गेल्या साली सांगितलं की. बाई म्हणतात, ते गेल्या सालचं होतं.

निकाल काही महिन्यांनी लागला. साहेबांनी लिहिलं, की कागदावर काय म्हटलंय त्यापेक्षा काम कसं चालत होतं ते बघायचं, आणि त्यावरून मी मालकांची कामगार होते. भरपाई मिळाली. मालकांनी वरच्या कोर्टात जायची भाषा केली, पण गेले नाहीत. मी आता साताऱ्यात असते. लावणीची लुगडी शिवायची, भाड्यानं द्यायची. शिलाई मशीन पायानं चालवण्यापुरता गुडघा वळतो. आई परभणीहून येऊन चार महिने राहून गेली. तिला साताऱ्याची थंडी सोसली नाही.

बाकी दहाजणींच्या कागदांचं कुणी काही विचारलं नव्हतं. बाईंनी स्वतःहून काढलं. शो मोडला होता, पोरी कुठं कुठं पांगल्या होत्या. एकेकीचा पत्ता काढून, एसटीनं जाऊन, दहा प्रश्न विचारून जे दुरुस्त करता आलं ते त्यांनी केलं. ज्याची मुदत गेली होती त्याबद्दल खात्याला पत्रं लिहिली. मी सोबत जायची, कारण पोरी मला ओळखायच्या. जतजवळच्या एका वाडीत एकीच्या सासूला वाटलं, आम्ही वसुलीला आलो. ती कानडीतून काय बोलली ते समजलं नाही, पण बाईंनी तेही पॅडवर टिपून घेतलं, उच्चारासकट. चहा मात्र त्यांनी तिथंही घेतला नाही.

आता ती तारखेची दुपार, जी मला निकालापेक्षा जास्त आठवते. आक्का नळावर होत्या. वकील दुसऱ्या कामाला गेले होते. मी बाहेरच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. निकाल काय लागणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकांचे वकील जाताना हसून गेले होते.

बाई आल्या, शेजारी बसल्या, आणि पिशवीतून एक पाकीट काढून दिलं. वर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, टाइप केलेलं. मला वाटलं, आली नोटीस. मी पाकीट उलटून बघितलं.

"वाचा," बाई म्हणाल्या. "सावकाश वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. वर विषय होता, विवरणपत्रातील चुकीच्या नोंदीबद्दल क्षमा मागण्याबाबत. खाली "महोदया". मग लिहिलं होतं, की आपला वर्ग नमूद करताना मी आवश्यक ती विचारणा केली नाही, त्यामुळे आपणास झालेल्या त्रासाबद्दल मी आपली क्षमा मागते. या चुकीपायी आपणास काही दंड झाल्यास तो मी भरेन. खाली बाईंची सही आणि शिक्का.

मला काय करावं कळेना. मी म्हणाले, बाई, हे कशाला, तुमच्यामुळं तर मी इथवर आले. पाया पडायला वाकायला गेले तर गुडघा वळला नाही, आणि मी तशीच अर्धी वाकलेली राहिले. बाईंनी मला दंडाला धरून परत बसवलं. तेवढाच एकदा त्यांनी मला हात लावला.

मग पिशवीतून त्याच पत्राची दुसरी प्रत काढली आणि पेन पुढं केलं.

"ही माझी प्रत. हिच्यावर पोच द्या."

माझ्या एवढ्या आयुष्यात माझी माफी कुणी मागितलेली ती एवढीच. हेल्मेटवर कागद ठेवून मी सही केली. सातवीतली सही, एकेक अक्षर सुटं. बाईंनी कागद घेऊन बघितला आणि परत माझ्यापुढं धरला.

"तारीख राहिली."

मी विचारलं, आज किती तारीख? त्यांनी सांगितली. मी घातली. बाईंनी ती नीट वाचली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसून राहिल्या.